सूप आणि खुर्ची

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्तबगार स्त्रियांचा गौरव करण्याची एक रीत आपल्याकडे पडून गेली आहे. मार्च महिना उजाडला की 'पहिल्या' स्त्रियांच्या याद्या प्रसिद्ध होतात. पहिली वकील, पहिली संपादक, पहिली न्यायमूर्ती, पहिली मुख्य सचिव. या याद्या खऱ्या असतात आणि अभिमान वाटावा अशाही असतात. परंतु त्या वाचताना दोन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ही खुर्ची त्या स्त्रीसाठी मोकळी कशामुळे झाली, हा पहिला. आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील बाईचा त्या खुर्चीशी काय संबंध, हा दुसरा. समाजवादी कार्यकर्त्याला हे दोन्ही प्रश्न टाळता येणार नाहीत.

प्रथम न्यायाचे क्षेत्र पाहावे. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. विद्वत्ता होती, चिकाटी होती, तरीही हिंदुस्थानातील न्यायालयांत वकील म्हणून उभे राहण्याचा हक्क स्त्रियांना मिळाला तो १९२३ च्या कायद्याने. म्हणजे मधली ३१ वर्षे एका कर्तबगार स्त्रीची कर्तबगारी कायद्याच्या दाराशी ताटकळत उभी होती. मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ ची. तेथे पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांची नेमणूक झाली १९९४ साली. सर्वोच्च न्यायालयात फातिमा बीवी १९८९ मध्ये आल्या, आणि ऑगस्ट २०२१ अखेरपर्यंत तेथे नेमल्या गेलेल्या स्त्रियांची एकूण संख्या अवघी ११ होती. बुद्धीचा तुटवडा हे याचे कारण नव्हे, हे सांगायला नको. दार कोणी धरून ठेवले होते, हा प्रश्न आहे.

वृत्तपत्रांचीही कथा याच वळणाची आहे. सत्यशोधकांच्या 'दीनबंधू' पत्राचे संपादन विसाव्या शतकाच्या आरंभी तानूबाई बिर्जे यांनी केले. पतीच्या निधनानंतर पत्र बंद पडू न देता त्यांनी ते चालविले. बहुजन समाजातील एका स्त्रीने संपादकाच्या खुर्चीवर बसावे, ही त्या काळात केवढी घटना! तरीही मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात त्यांचे नाव कितीतरी काळ तळटीपेच्या पलीकडे गेले नाही. 'स्त्री' मासिकाचे संपादन केलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले, तेव्हा स्त्रियांच्या प्रश्नांवर स्त्रियांनी बोलण्यासाठी एक हक्काची जागा निर्माण झाली. ती जागाही कोणी दिली नाही. ती घडवावी लागली.

प्रशासनातही निराळे नाही. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाले आणि सुजाता सौनिक या पहिल्या स्त्री मुख्य सचिव झाल्या २०२४ मध्ये. चौसष्ट वर्षे लागली. त्याच वर्षी झालेल्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांवर निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या होती २१. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे.

आता विदर्भाकडे वळू. नागपूरच्या अनसूयाबाई काळे १९२८ साली मध्य प्रांताच्या कौन्सिलवर गेल्या, १९३० मध्ये सत्याग्रहासाठी तेथून बाहेर पडल्या, आणि १९३७ साली प्रांतिक विधानसभेच्या उपसभापती झाल्या. १९४२ नंतर आष्टी-चिमूर प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचविण्यासाठी त्या झटल्या. पुढे १९५२ आणि १९५७ साली नागपूरने त्यांना लोकसभेवर पाठविले. खुर्ची मिळाली म्हणून त्या रस्ता विसरल्या नाहीत आणि रस्त्यासाठी खुर्ची सोडताना त्यांचा हात कापला नाही.

परंतु त्याच नागपुरात, त्याच काळात, दुसरी एक स्त्री उभी होती. जाईबाई चौधरी. अस्पृश्य कुटुंबातील ही मुलगी नागपूर-कामठी मार्गावर डोक्यावरून ओझी वाहत असे. ती शिकली, शिक्षिका झाली, आणि दलित मुलींसाठी तिने चोखामेळा कन्याशाळा काढली. या जाईबाईंना १९३७ साली नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत जेवणाच्या वेळी इतर स्त्रियांपासून वेगळे बसविण्यात आले. स्त्रियांच्या उद्धारासाठी भरलेल्या परिषदेतच एका कर्तबगार स्त्रीची पंगत वेगळी पडली. दलित स्त्रियांनी त्याच्या निषेधाची सभा घेतली आणि आपली वाट निराळी केली. 'स्त्री' हा एकच एक वर्ग आहे असे मानून चालणाऱ्या प्रत्येकाने ही पंगत आठवावी.

ती निराळी वाट २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच एका मोठ्या परिषदेपर्यंत पोहोचली. अखिल भारतीय दलित महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी होत्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. हजारो स्त्रिया आल्या होत्या. त्यांत मजुरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. या परिषदेचे ठराव आज पुन्हा वाचण्याजोगे आहेत. घटस्फोटाचा हक्क मिळावा. बहुपत्नीत्व कायद्याने बंद व्हावे. गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत राबणाऱ्या स्त्रियांना वर्षाकाठी पगारी रजा, इजा झाल्यास भरपाई आणि दीर्घ सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळावे. आणि विधिमंडळांत व स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात.

या शेवटच्या ठरावावर क्षणभर थांबले पाहिजे. पंचायतींत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या एप्रिलमध्ये अंमलात आली. महाराष्ट्राने १९९० मध्ये ३० टक्के आणि २०११ मध्ये ५० टक्के जागा दिल्या. लोकसभा आणि विधानसभांसाठीची घटनादुरुस्ती संमत झाली सप्टेंबर २०२३ मध्ये, आणि तीही जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधून. नागपूरच्या परिषदेत ज्या स्त्रियांनी हात वर करून हा ठराव संमत केला, त्यांतील पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. राज्यकर्त्यांना जे समजायला पन्नास-ऐंशी वर्षे लागली, ते त्यांना तेव्हाच समजले होते. नेतृत्व म्हणतात ते याला.

भंडाऱ्याच्या श्रोत्यांना या ठरावातील बिडीचा उल्लेख खुणावल्याशिवाय राहणार नाही. तेंदूपत्ता जंगलात तोडणारी बाई, पान कापून त्यात तंबाखू भरून दोरा बांधणारी बाई, आणि संध्याकाळी जुड्या घेऊन सट्टेदाराच्या दारात उभी राहणारी बाई, या तिघींच्या श्रमावर या भागातील बिडीचा धंदा उभा राहिला. मजुरी हजारी दराने. त्यातून 'छाट' म्हणून बाजूला टाकलेल्या बिड्यांचा दाम नाही. कामठीच्या बाबू हरदासांनी १९३० च्या दशकात बिडी मजुरांची संघटना बांधली. मध्य प्रांतात १९३७ साली बिडीच्या कारखान्यांसाठी कायदा झाला. पण काम कारखान्यातून घरात ढकलले की कायदा उंबऱ्याबाहेर थांबे. देशव्यापी कायदा आला १९६६ साली आणि कल्याण निधी १९७६ साली. ज्या उपकरातून हा निधी उभा राहत होता, तो उपकर वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ साली, रद्द झाला. बाईच्या घामाचा हिशेब ठेवणारी वही अशी पानापानाने फाटत जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

येथे उद्योगक्षेत्रातील एका उदाहरणाशी तुलना करून पाहावी. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. तोच 'लिज्जत'चा उद्योग. तेथेही काम घरीच होते. बाई पीठ घरी नेते, पापड लाटते, दुसऱ्या दिवशी आणून देते आणि नगावर मोबदला घेते. वरवर पाहता बिडीचीच रीत. मग फरक कोठे आहे? लिज्जतची भगिनी त्या संस्थेची सहमालक आहे. नफा-तोटा तिचा आहे, कारभार तिच्यातूनच निवडलेल्या भगिनी पाहतात. बिडी वळणारी बाई मात्र तीस वर्षे वळूनही मालकीच्या जवळ एक बोटही सरकत नाही. हात तेच, घर तेच, काळही तोच. मालकी बदलली की मजुरीण उद्योजक होते. उद्योगातील स्त्री-नेतृत्वाचा सारा अर्थ या एका वाक्यात आहे, आणि तो समाजवादाबाहेरचा नाही.

भंडाऱ्यातील कोशाचा धागा काढणाऱ्या, मामा तलावांच्या काठी मासळीवर पोट भरणाऱ्या ढीवर कुटुंबांतील, आणि बचत गटांच्या वह्या सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला पाहिजे. कर्ज तिच्या नावावर आहे. पण तलावाचा ठेका, मागाची मालकी आणि विक्रीचा दर कोणाच्या हातात आहे?

कोणी म्हणेल, आता सरपंचपदी स्त्रिया आहेत, जिल्हा परिषदेत आहेत, आणखी काय हवे? 'सरपंचपती' हा शब्द मराठीत का रूढ झाला, याचा विचार असे म्हणणाऱ्याने करावा. सही तिची, शिक्का तिचा, बोलणारा तो. तरीही त्यावरून राखीव जागा व्यर्थ गेल्या असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या खेपेला पदराआडून सही करणारी बाई दुसऱ्या खेपेला हिशेबाचे कागद मागते, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पाहिले आहे. डॉ. लोहियांनी सर्व जातींच्या स्त्रियांना मागासलेल्यांत गणून विशेष संधीचा आग्रह धरला, तो यासाठीच. आधी पात्रता आणि मग संधी, असे म्हणणारे लोक पोहायला शिकल्यावाचून पाण्यात उतरू नको म्हणणाऱ्यांच्या पंक्तीतले आहेत.

कायद्याचे दार सामान्य स्त्रीसाठीही उघडावे लागते, आणि ते आतून व बाहेरून एकदमच ढकलावे लागते. शेजारच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने दोषी ठरविलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिले. त्यावर १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. वसुधा धागमवार आणि लतिका सरकार या त्यांतील दोघी. पत्रामागून देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. विदुषीची लेखणी आणि रस्त्यावरचा मोर्चा एकत्र आला म्हणून हे घडले. मृणाल गोरे यांनी हीच रीत आयुष्यभर सांभाळली. महागाईविरोधात लाटणी घेऊन निघालेल्या स्त्रियांच्या पुढे त्या होत्या आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध विधानसभेतही त्याच झगडत होत्या. १९८८ साली त्यासंबंधी कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले.

आता एक नाव असे, जे कर्तबगार स्त्रियांच्या कोणत्याही यादीत छापले जात नाही. सुरेखा भोतमांगे. याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजीला त्या राहत होत्या. आपल्या जमिनीचा हक्क त्यांनी सोडला नाही, मुलांना शिकविले, आणि मारहाणीच्या एका प्रकरणात गावातील बलवानांविरुद्ध साक्ष दिली. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्यांची, मुलगी प्रियंकाची आणि दोन मुलांची हत्या झाली. खटल्यात आरोपींना शिक्षा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे टिकली नाहीत. मालमत्ता सांभाळणे, शिक्षणाचा आग्रह धरणे, सत्य साक्ष देणे, हीच कामे मोठ्या शहरातील स्त्रीने केली असती तर तिला उद्योजक, शिक्षणप्रेमी, निर्भीड म्हटले गेले असते. खैरलांजीत त्याची किंमत प्राणांनी द्यावी लागली. एखाद्या जिल्ह्यात किती स्त्रिया पुढे आल्या हे मोजताना, पुढे आलेल्या स्त्रीचे तेथे काय होते, हेही मोजले पाहिजे.

समाजवाद्यांनी आपला हिशेबही तपासावा. हिंदू कोड बिल रखडले, हे ज्यांच्या राजीनाम्याच्या कारणांपैकी एक होते, ते बाबासाहेब १९५४ साली याच भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. त्याच द्विसदस्य मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. तो विजय आपल्या इतिहासात नोंदलेला आहे. त्याच मतपेटीतला पराभवही आपल्या विवेकावर नोंदलेला असावा.

म्हणून काम दूरचे नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. आपल्या गावी ती खरोखर भरते की वहीतच भरते, हे पाहावे. पक्षाच्या तालुका समितीत किती स्त्रिया आहेत आणि त्यांतील किती बिडीच्या, कोशाच्या, रोवणीच्या कामातून आल्या आहेत, हे मोजावे. बैठकीची वेळ ठरविताना चूल कोण पेटविणार आहे, हे आधी विचारावे. आणि बिडी कामगार स्त्रीला सभेत पहिल्या रांगेत बसवून तिच्याविषयी बोलण्यापेक्षा तिला बोलू द्यावे.

पहिल्या स्त्रीचा सत्कार कोणीही करतो. त्याला हारापेक्षा अधिक खर्च येत नाही. दुसरी, दहावी आणि शंभरावी स्त्री तेथवर पोहोचेल अशी वाट बांधणे हे चळवळीचे काम आहे. १९४२ साली नागपुरात हात वर केलेल्या त्या स्त्रियांचे सगळे ठराव अजून अंमलात यायचे आहेत. मांडीवरचे सूप खाली ठेवून एखादी बाई उठेल, तेव्हा तिच्यासाठी खुर्ची रिकामी आहे की नाही, याचे उत्तर भंडाऱ्यातील प्रत्येक कार्यकर्त्याला द्यावे लागेल.