थबकणारे इंजिन

बंदरात निर्वेध चालणारे मच्छीमार नौकेचे डिझेल इंजिन भरसमुद्रात थबकते आणि काही वेळाने पूर्ववत सुरू होते, तेव्हा दोष बहुधा इंधनमार्गात असतो. कारण टाकीच्या तळाशी साचलेला गाळ व पाणी हेलकाव्यांनी ढवळून नळीच्या मुखाशी येतात आणि नौका स्थिरावताच पुन्हा खाली बसतात. तांडेलांनी प्रथम टाकीचे झाकण किंचित सैल करावे; तेवढ्याने इंजिन सावरले, तर टाकीची हवानळी तुंबली आहे असे समजावे. मग फिल्टरच्या तळातील पाणी काढून टाकी व पंप यांमधील सांधे कसून तपासावेत, कारण तेथील फटीतून डिझेल बहुधा गळत नाही, हवा मात्र आत शिरते. परतल्यावर टाकी भरून ठेवण्याची तजवीज केल्यास दमट हवेचे पाणी होण्यास फारसा वाव उरत नाही.