लेंड्या मोजायला शिकलेली मुलगी

धारा काढून झाल्या असतील, दावणीला वैरण पडली असेल. आता घटकाभर बसा. दाराशी शेळी आणि घरात शिकणारी पोर, असं जिच्याकडे आहे तिच्यासाठी आजचं बोलणं आहे.

माझ्या आईकडे चार उस्मानाबादी शेळ्या होत्या. काळ्याभोर. एक तर दर वेताला जुळी करडं द्यायची. त्या करडांवर माझी वह्या-पुस्तकं झाली. बारावीला विज्ञान घेतलं, नीट परीक्षा दिली आणि पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश मिळाला. हा अभ्यास साडेपाच वर्षांचा. त्यातलं शेवटचं वर्ष दवाखान्यात आणि गोठ्यात प्रत्यक्ष काम करायचं. तेवढी वर्षं घरच्यांनी कशीबशी काढली. पदवी हातात आली आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो एकदाचे. डॉक्टरीण झाली, आता लग्न.

आणि मी म्हटलं, मला अजून दोन वर्षं शिकायचंय.

घरात कोणी जेवलं नाही त्या दिवशी. चुलते म्हणाले, "जनावराचा डॉक्टर झालीस, त्याच्यापुढं काय असतं?" प्रश्न बरोबर होता. मलाही तो आधी पडला होता. पदवीत सगळ्या विषयांचं थोडं थोडं शिकतो. पुढच्या शिक्षणात एकच विषय धरून खोल जातो. कोणी शस्त्रक्रिया घेतं, कोणी गाभण राहण्याचे प्रश्न, कोणी जातिवंत पैदास, कोणी कुक्कुटपालन, कोणी दूध-मांसाचे पदार्थ. मी पशुपोषण घेतलं. म्हणजे जनावराला काय घालायचं, किती घालायचं, आणि घातलेलं त्याच्या अंगी किती लागतं.

पहिले काही महिने वर्ग आणि परीक्षा. मग एक मार्गदर्शक मिळतात, संशोधनाचा विषय ठरतो. माझा विषय शेळ्यांच्या चाऱ्याचा. शेळ्यांना एकेकट्या पिंजऱ्यात ठेवायचं. सकाळी चारा तोलून घालायचा. दुसऱ्या दिवशी उष्टा राहिलेला चारा तोलायचा. खाली पडलेल्या लेंड्या गोळा करायच्या, त्या तोलायच्या, मूत मोजायचं, भट्टीत वाळवून पुन्हा तोलायचं. ओळीनं सात दिवस. त्याआधी तीन आठवडे शेळीला त्या चाऱ्याची सवय लावायची.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "अगं, लेंड्या मोजायला एवढं शिकायचं? त्या तर मी रोज भरते."

मैत्रिणींनो, हिशेब साधा आहे. शेळीनं एक किलो कोरडा चारा खाल्ला आणि वाळलेल्या लेंड्या चारशे ग्रॅम भरल्या, तर सहाशे ग्रॅम पचलं. दुसऱ्या चाऱ्यावर लेंड्या पाचशे ग्रॅम भरल्या, तर पाचशेच पचलं. म्हणजे तो चारा स्वस्तात मिळाला तरी तेवढा उपयोगी नाही. आपण डोळ्यांनी अंदाज करतो, "ह्यानं अंग धरत नाही" म्हणतो. विद्यापीठात तोच अंदाज तागडीवर घालतात. हे आईला सांगितल्यावर तिनं उलट मलाच विचारलं, "शेळी आधी पाला ओरबाडते, काड्या ठेवते. मग उष्ट्यात काड्या किती ते वेगळं तोलतेस का?" माझे सर हे ऐकून म्हणाले, तुझ्या आईला वर्गात आणून बसव.

आता अडचणीचं सांगते. चाचणीच्या मध्यावर माझ्या दोन शेळ्यांना हगवण लागली. आजारी जनावराचे आकडे धरता येत नाहीत. सगळं पहिल्यापासून करावं लागलं आणि दोन वर्षांचं काम सहा महिन्यांनी लांबलं. नेमकं त्याच वेळी एक चांगलं स्थळ आलेलं. मुलाकडचे थांबायला तयार नव्हते. वसतिगृहाचे पैसेही संपले होते. वडील म्हणाले, "आता परत ये. पदवी आहेच की." मी रात्री पिशवी भरली होती.

आईनं काय केलं? ती बचत गटाच्या बैठकीत उभी राहिली. आमच्या गटात कर्ज मिळायचं ते शेळीला, शिलाई यंत्राला, दवाखान्याला. पोरीच्या पुढच्या शिक्षणाला कोणी मागितलंच नव्हतं. दोघीतिघी म्हणाल्या, शेळी विकता येते, पोरगी शिकून परक्या घरी जाते, पैसे कोण फेडणार? आई म्हणाली, "मी फेडीन. पोरगी कुठंही गेली तरी कर्ज माझ्या नावावर राहील." शेकडा दोन रुपये व्याजानं पैसे मिळाले. आईनं दोन पाटी विकून पहिले हप्ते भरले, उरलेले मी नोकरी लागल्यावर. ते स्थळ गेलं. पुढं लग्न झालं, पण दोन वर्षं आईनं गावात बोलणी ऐकली, हे मी विसरले नाही. आज मी एका दूध संघात पशुखाद्याचं काम बघते.

तुमच्या घरची मुलगी ह्या वाटेनं जाणार असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा.

आपल्या राज्यात ह्या शिक्षणाचं विद्यापीठ आहे नागपूरला, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ. २००० साली ते सुरू झालं. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला इथं त्याच्या संस्था आहेत. मुंबईचं महाविद्यालय तर १८८६ सालचं. तिथंच शिकलेल्या अमृता पटेल पुढं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. राज्याबाहेर कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आणि बरेलीजवळ इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था आहे. तिथं जायचं तर देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. तीत वरचा क्रमांक आला तर शिष्यवृत्तीही मिळते.

नीटमध्ये गुण कमी पडले तर दार बंद झालं असं समजू नका. कृषी पदवी करून राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांत पशुसंवर्धन व दुग्धशास्त्रात पुढं शिकता येतं. फक्त एक फरक नीट समजून घ्या. त्या शिक्षणानं संशोधन, दुग्धव्यवसाय, खाद्याचं काम करता येतं, पण जनावरावर उपचार करणारी डॉक्टर होता येत नाही. त्यासाठी पशुवैद्यकीय पदवी आणि परिषदेकडची नोंदणी लागते. कोणी एजंट वेगळं सांगत असेल तर पैसे देऊ नका.

आणि कागद. जात वैधता, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर. निकालानंतर धावपळ करायची नाही, आधीच काढून ठेवायचे. हुशार मुलगी एका कागदापायी मागं राहते, तेव्हा फार जीव जळतो.

शेवटी एक मागणं आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आपल्या गटात मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज द्यायचं का, किती द्यायचं, फेड कशी, हे आत्ताच ठरवून वहीत लिहा. एखादी आई मागायला उभी राहील, तेव्हा तिला माझ्या आईसारखं एकटीनं भांडावं लागू नये.

आणि उद्या सकाळी लेंड्या भरताना जरा बघा. कोणत्या चाऱ्यावर जास्त पडतात, कोणत्यावर कमी. विद्यापीठात मी पहिल्यांदा हेच बघायला शिकले. बाकी सगळं त्याच्यापुढचं.

येते मैत्रिणींनो. रामराम.