डोळा कुणाचा, पदर कुणाचा



पत्रिकेत विषय छापलाय ‘विवाहपूर्व वर्तन आणि ख्रिस्ती शिकवण’. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मुलग्यांना. मागच्या रांगेनं उठू नये. (हशा)

1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा, पाळकांकडे द्यायची नोटीस, हे तुम्ही जाणता. लग्नाआधी शरीरसंबंध नाही, हेही. मी ते मानते. पण ते शिकवायचं कुणाला?

मी सोळा वर्षांची असताना सांगलीकडे आमचं तरुणांचं शिबिर होतं. भर दुपारी आम्हा मुलींना आत बसवून दीड तास पदर, चालणं, हसणं शिकवलं. खिडकीतून व्हॉलीबॉलचा आवाज येत होता. मुलगे खेळत होते.

घरी येऊन मी मत्तयाचा पाचवा अध्याय काढला. येशू वासनेबद्दल बोलतो तेव्हा बघणाऱ्या पुरुषाला धरतो. बाईनं काय नेसलं होतं, हे तो विचारतच नाही. उत्पत्तीतला योसेफ घ्या. पोटीफरच्या बायकोच्या हातात वस्त्र सोडून पळाला, तो पुरुषच.

नाही, काका, थांबा. मुलींना काही सांगू नका, असं मी म्हणत नाही. मुलग्यांना आधी सांगा, म्हणते.

आता साताऱ्यात उभी आहे, तर टिळक आलेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 मध्ये इथे आले, ‘देवाचा दरबार’ स्थापला, ते सगळं तुम्हाला पाठ. मला त्याआधीचे टिळक हवेत. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपला धर्म सोडायला तयार नाहीत, त्या दूर राहिल्या. टिळकांचं वय तेहेतीस. तेव्हा 1866 चा कायदा होता: धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने सोडून राहिला, तर कोर्टात अर्ज करा, कोर्ट जोडीदाराला विचारेल, वर्षभर थांबवेल, तरीही नकार आला तर विवाह रद्द. पुन्हा लग्नाला मोकळे! आधाराला पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्यायही होता. टिळकांनी ती वाट धरली नाही. पत्रं लिहीत राहिले. बाई परत आल्या त्या आपलं सोवळं सांभाळत, तेही त्यांनी चालवून घेतलं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 चा, आणि स्वतःला पटल्यावरचा. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात बाईंनी नवऱ्याचा तापटपणा मुळीच झाकलेला नाही. असा तापट माणूस, आणि बायकोच्या मनासाठी पाच वर्षं थांबला! संयम म्हणजे काय, हे मुलग्यांना सांगताना मला दुसरं उदाहरण लागत नाही. लग्नाआधीचं थांबणं याच जातीचं आहे. समोरच्या माणसावर आपला हक्क नाही, हे आधी अंगी मुरावं लागतं, मगच...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, समुपदेशनाचा भाग राहू दे. शिबिरांची वेळापत्रकं करणारे पाळकसाहेब समोर बसलेत, त्यांना एवढंच मागते: यंदा व्हॉलीबॉल संध्याकाळी ठेवा. दुपारी मुलग्यांना आत बसवा. मी सांगलीहून स्वखर्चानं येते.