न दुखणारा झटका
(महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



बाहेर मांडवात जिलबीच्या कढया चढल्या असताना आम्ही मधुमेह आणि हृदयविकार यांची गाठ सोडवीत बसणे हा रसभंग आहे खरा. पण चिटणिसांनी विषय आम्हांवर सोपवला, आणि आपल्यापैकी किती घरांत साखरेच्या गोळ्यांची डबी देवघराशेजारी असते हे आम्हांस ठाऊक आहे.

आधी आमच्याच चुकीची हकीकत सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सोमवारी, रात्री दहाच्या सुमारास, आमच्या मावशींना दरदरून घाम फुटला. जीव घाबरा झाला, चार पायऱ्या चढताच धाप लागली. मधुमेह पंधरा वर्षांचा जुना. घरच्यांना वाटले, साखर उतरली. म्हणून साखरपाणी दिले. मग दिवसभरचा साबुदाणा बाधला असेल म्हणून ओवा आणि सैंधव झाले. शेवटी आम्हांस फोन आला. आम्ही विचारले, "छातीत दुखतंय का?" त्या म्हणाल्या, "नाही रे, दुखत काहीच नाही." आम्ही म्हणालो, "मग सकाळी दवाखान्यात या." सकाळी कार्डिओग्राम काढला तेव्हा नऊ तास उलटले होते. मावशी वाचल्या, पण हृदयाचा मोठा भाग निकामी झाला, आणि माडीवरची त्यांची खोली त्यांना कायमची परकी झाली.

आम्ही प्रश्नच चुकीचा विचारला होता. छातीत कळ, डाव्या हातात मुंग्या, हे चित्र आपण नाटक-सिनेमात इतके पाहिले आहे की त्याखेरीज झटका असतो हे मनास पटतच नाही. बहुतेक मधुमेहींनाही छातीत दुखते, हे खरे. पण रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे बारीक मज्जातंतू झिजतात. पायाला खिळा टोचला तरी कळत नाही, तसेच हृदयाची वेदना वाहून नेणारे तंतूही मंदावतात. मग घरात आग लागली तरी घंटा वाजत नाही. धाप, घाम, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, जबड्यात किंवा पाठीत अवघडणे, किंवा एकाएकी अंगातले त्राण जाणे, एवढेच दिसते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी 1948 पासून चाललेल्या पाहणीत आढळले की झटक्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक झटके पुढे कार्डिओग्राममध्येच प्रथम उघडकीस आले. त्या वेळी ते कोणी ओळखलेच नव्हते. हे सर्वसाधारण लोकांचे. सगळे मधुमेही नव्हेत.

आता वेळेचे म्हणाल, तर हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की त्यापुढचा स्नायू अर्ध्याएक तासात मरू लागतो. इटलीत 1986 साली जवळजवळ बारा हजार रोग्यांवर गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांतील मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. सहा तासांनंतर फायदा असा उरला नाही. आज त्याहून चांगली औषधे आहेत, फुग्याने वाहिनी उघडण्याची सोय आहे. पण रोगीच घरी बसला तर ती काय करणार?

आणि घरी बसण्याची कारणे तरी किती! पुरुष म्हणतात, रात्री कोणाला उठवायचे. भगिनी म्हणतात, ओटा आवरून मग बघू. मुलगा पुण्यास असतो, त्याला फोन. तो मित्राच्या डॉक्टर भावाला फोन. आणि तो आमच्यासारखाच, न पाहता सल्ला देणारा!

साखर उतरली असे वाटले तर घरच्या यंत्रावर ती मोजा. सत्तरच्या खाली असेल तर साखर खा. पण पंधरा मिनिटांत हुशारी आली नाही, किंवा साखर मुळी उतरलेलीच नसेल, तर निघा. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. स्वतः स्कूटर काढून जाऊ नका. फोनवरच्या डॉक्टरांना मधुमेह आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. ॲस्पिरिन घेऊ का, हेही तेव्हाच विचारा. अल्सर वा रक्तस्राव झालेल्यांनी आपल्या मताने घेऊ नये. रात्री कार्डिओग्राम काढणारे रुग्णालय कोणते, ते आजच ठरवून ठेवा. पहिला कार्डिओग्राम बरा निघाला म्हणून लगेच परतू नका. तो पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणीही काही तासांनी परत करतात.

आताच एका भगिनींची चिठ्ठी आली आहे: "मध्यरात्री सगळ्यांना उठवून गेलो आणि नुसते अपचन निघाले, तर हसे होईल ना?" होईल, बाई. आम्हीही हसू. मग घरी जाऊन मऊ भात खा आणि सकाळी आम्हांस फोन करून सांगा.