शेजारचा देश वर्गात यावा



 अमरावती-अकोला जिल्ह्यांतल्या इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद मला अचलपुरात मिळाले, याचा आनंद वेगळा आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट याच परिसरातल्या चम्मक गावी सापडला. एलिचपूर या नावाने हे शहर वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होते. १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीने घेतली, पुढे मोगल आले, मग हैदराबादचा निजाम आणि नागपूरचे भोसले यांचा दुहेरी अंमल आला. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभारही त्यांच्याकडे गेला. स्वातंत्र्यानंतर आपण मध्य प्रदेशात होतो, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. अचलपुरातल्या जुन्या माणसांनी घर न सोडता तीन राज्ये पाहिली आहेत. सीमा कोण आखतो, ती का सरकते आणि ती सरकल्याने माणसांचे काय होते, हे मुलांना समजावायला याहून चांगले गाव शोधावे लागणार नाही. म्हणूनच आजचा विषय मी सीमेपलीकडचा घेतला आहे. आपल्या शाळांतल्या मुलांना शेजारच्या देशाचा भूगोल आणि इतिहास कसा शिकवावा, हा तो विषय.

२०१८ साली आलेले दहावीचे भूगोलाचे पुस्तक आपण सर्वांनी शिकवले आहे. भारत आणि ब्राझील हे दोन देश त्यात शेजारी शेजारी ठेवले आहेत. स्थान, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, वाहतूक असे एकेक अंग घेऊन तुलना केली आहे. परतवाड्याची मुलगी आज अॅमेझॉनच्या खोऱ्याबद्दल, ब्राझीलच्या कॉफीबद्दल आणि तिथल्या अजस्र कड्याबद्दल पाच-दहा वाक्ये सहज लिहिते. एखाद्या देशाला त्याच्या जमिनीपासून माणसांपर्यंत समजून घेण्याची उत्तम रीत या पुस्तकाने दिली, याबद्दल मला आदर आहे. पण त्याच मुलीला बांगलादेशाबद्दल विचारा, नेपाळबद्दल विचारा. नववीच्या राज्यशास्त्रात परराष्ट्र धोरणाच्या निमित्ताने शेजारी देश येतात, ते करार, युद्धे आणि वाद यांच्या रूपात. तिथली नदी, शेत, शाळा, गाणे मुलांपुढे येतच नाही. उरलेली जागा टीव्ही आणि मोबाईल भरतात. बांगलादेश हे नाव आपल्या कित्येक मुलांच्या कानावर घुसखोरीच्या बातमीतच पहिल्यांदा पडते. मला हे धोक्याचे वाटते. ज्या देशाबद्दल मुलाला काहीच माहीत नाही, त्याच्याबद्दल त्याला काहीही सांगता येते.

आज मी बांगलादेश हेच उदाहरण घेते. भारताची सर्वांत लांब भूसीमा, ४,०९६ किलोमीटरची, या देशाशी आहे. दुसरे कारण आपल्या घरचे आहे. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार आणि अचलपूर या पट्ट्यातला संत्रा वर्षानुवर्षे ट्रक भरभरून बांगलादेशात जात आला. २०१९ पासून त्या देशाने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले आणि २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ रुपयांवर गेले. त्याचा फटका आंबिया बहाराच्या भावाला बसला. ढाक्यात झालेला निर्णय आपल्या वर्गातल्या मुलाच्या घरातल्या लग्नाची तारीख पुढे ढकलू शकतो. कापसाचेही तसेच. बांगलादेशात कापूस फार थोडा पिकतो, आणि तरी तयार कपड्यांच्या निर्यातीत तो जगातल्या अगदी पहिल्या देशांत आहे. त्याच्या गिरण्यांना लागणारा कापूस आणि सूत बाहेरून जाते, त्यात भारताचा वाटा मोठा आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली, त्यांतले बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. कापूस वेचणाऱ्या आईच्या मुलाला त्या शिवणाऱ्या बाईचे आयुष्य समजावून सांगायला वेगळी प्रस्तावना लागत नाही.

आता भूगोल. आपल्या अमरावती जिल्ह्यावर निसर्गाची मोठी कृपा आहे, कारण इथे दोन समुद्रांचे पाणी वाटले जाते. गाविलगडच्या डोंगरातून उतरणारी सापन पूर्णेच्या खोऱ्यातली. पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. जिल्ह्याच्या पूर्वेचे पाणी मात्र वर्धेत जाते, वर्धेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच उपसागराच्या माथ्यावर बांगलादेश आहे. गंगा तिथे पद्मा होते, ब्रह्मपुत्रा जमुना होते, दोन्ही एकत्र येऊन मेघनेला मिळतात. भारत आणि बांगलादेश यांच्यामध्ये ५४ नद्या सामाईक आहेत. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याच्या पाण्याचा १९९६ चा करार तीस वर्षांचा होता, त्याची मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान असलेल्या या देशात सुमारे सतरा कोटी माणसे राहतात. हे आकडे नुसते पाठ करून घेऊ नका. नकाशावर महाराष्ट्र ठेवा, त्यावर बांगलादेश ठेवा, आणि मुलांना विचारा की आपल्या राज्याच्या निम्म्या जागेत महाराष्ट्रापेक्षा जास्त माणसे राहिली तर शेत केवढे उरेल, घर कुठे बांधाल, पूर आला तर कुठे जाल.

याहून एक चांगली वाट आपल्याजवळ आहे, ती खारपाणपट्ट्याची. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा इथल्या मुलांना खारे पाणी म्हणजे काय हे समजावावे लागत नाही, ते त्यांच्या विहिरीत आहे. बांगलादेशाच्या दक्षिणेला खुलना आणि सातखिरा या भागांतही पाणी खारे आहे. कारणे वेगळी आहेत. आपल्याकडे पूर्णेच्या गाळातच क्षार साठलेले आहेत. तिथे भरतीचे पाणी नद्यांतून आत शिरते, आणि चक्रीवादळ आले की शेतात समुद्र येतो. कारणे वेगळी असूनही पिण्याच्या घागरीसाठी लांबवर जाणारी बाई दोन्हीकडे आहे. ही तुलना एकदा झाली की मुलगा स्वतःच विचारतो, मग ते लोक काय करतात? या प्रश्नाचे उत्तर शिकण्यासारखे आहे. १९७० च्या नोव्हेंबरातल्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे गेली. त्यानंतर त्या देशाने किनाऱ्यावर निवारे बांधले आणि इशारा घरोघर पोचवणाऱ्या स्वयंसेवकांची फळी उभारली. २००७ च्या सिद्र वादळात मृतांची संख्या सुमारे साडेतीन हजारांवर आली. हीही थोडी नाही, पण गरीब देशाने शिस्तीने काय साधता येते ते दाखवले आहे. शेजाऱ्याकडून शिकण्यासारखे काही असते, हे मुलांना कळणे हाही भूगोलाचाच भाग आहे.

इतिहासाकडे आले की काम अवघड होते, आणि तिथेच आपली कसोटी आहे. १७४२ पासून नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जाऊ लागल्या. भास्करराम कोल्हटकर त्यांचे सेनानी. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने त्यांना भेटीला बोलावून दगा देऊन मारले. १७५१ च्या तहात बंगालची चौथाई वर्षाला बारा लाख ठरली आणि ओडिशा भोसल्यांकडे आला. आपल्याकडे ही हकीकत पराक्रमाची म्हणून सांगितली जाते, सांगितली गेलीच तर. बंगालमध्ये हीच हकीकत आया अंगाईगीतातून मुलांना सांगतात, कारण ‘बर्गी’ आले म्हणजे गाव लुटले गेले, धान्य गेले, माणसे नदी ओलांडून पूर्वेला पळाली. बर्गी म्हणजे आपले बारगीर. कलकत्त्यात इंग्रजांनी याच भीतीने खंदक खणला, तो मराठा खंदक म्हणून ओळखला जातो. गंगाराम नावाच्या कवीने याच स्वाऱ्यांवर ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य लिहिले. नुकसान मुख्यतः आजच्या पश्चिम बंगालच्या हद्दीत झाले, पण अंगाईगीत सीमेच्या दोन्ही बाजूंना गायले जाते.

ज्या भोसल्यांचा वऱ्हाडच्या वसुलात वाटा होता, त्यांची ही गोष्ट आपल्या मुलांना आपणच सांगितली पाहिजे. कुणाची मान खाली घालायला लावण्यासाठी ती सांगायची नाही. ज्या मुलाने इतिहासात स्वतःच्या बाजूचे घोडेस्वार दुसऱ्याच्या अंगणातून पाहिले, तो पुढे कोणत्याही देशाबद्दल बोलताना पुराव्याची वाट पाहतो. त्याचा शिवाजी महाराजांबद्दलचा अभिमान कमी होत नाही. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये ही महाराजांची शिकवण किती मोठी होती, हे त्याला उलट इथेच नीट कळते.

त्याच इतिहासात आपल्याला जवळ आणणारी पानेही आहेत. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगाली भाषेसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या. १९९९ मध्ये युनेस्कोने तो दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. आपला मराठी भाषा गौरव दिन त्यानंतर सहाच दिवसांनी, २७ फेब्रुवारीला येतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी हुतात्मे दिलेल्या राज्यातल्या मुलांना त्या विद्यार्थ्यांचे ढाक्यातले स्मारक, शहीद मिनार, परके का वाटावे? १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. तेव्हा देशभर पत्रावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट लावावे लागे. घरातल्या जुन्या पेटीत त्या काळचे एखादे पाकीट असेल तर मुलांना शोधायला सांगा. अचलपुरातल्या घरानेही त्या युद्धाचा भार उचलला होता, हे त्यांना हातात धरून पाहता येईल. आणि आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या चामोर्शी-मुलचेरा भागात, पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे दोन-तीन पिढ्या राहत आहेत. त्यांच्या मुलांना आणि आपल्या मुलांना एकमेकांना पत्रे लिहायला लावणे अवघड नाही.

बांगलादेशातल्या अल्पसंख्याकांचे हाल, ऑगस्ट २०२४ मधले सत्तांतर आणि त्यानंतर ताणले गेलेले संबंध, हे सगळे वर्गात येणारच. ते टाळू नका. पण ते नदी, शेत आणि १९५२ यांच्यानंतर येऊ द्या. सीमेचे भांडण सुटू शकते हेही सांगा. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री एकमेकांच्या पोटात अडकलेले जमिनीचे तुकडे दोन्ही देशांनी बदलून घेतले. १११ भारताचे होते, ५१ बांगलादेशाचे. तिथल्या माणसांना पहिल्यांदा पूर्ण नागरिकत्व मिळाले.

हीच रीत इतर शेजाऱ्यांना लागू पडते. म्यानमारमधल्या मंडालेचे नाव प्रत्येक मराठी घराला लोकमान्य टिळकांमुळे माहीत आहे, पण ते ज्या इरावतीच्या काठी आहे ती नदी किती मुले नकाशावर दाखवतील? डॉ. बाबासाहेब आंबेडकर बौद्ध परिषदांसाठी १९५० मध्ये श्रीलंकेला, १९५४ मध्ये रंगूनला आणि १९५६ मध्ये काठमांडूला गेले. वऱ्हाडातल्या असंख्य घरांत त्यांची तसबीर आहे. त्या तसबिरीपासून तीन देशांचा धडा सुरू होऊ शकतो. याच जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रीय कृषिमंत्री असताना १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. शेतकऱ्याने जग पाहावे असे त्यांना वाटत होते. शेतकऱ्याच्या मुलाने निदान शेजार पाहावा, एवढे आपल्या हाती आहे.

यासाठी नवे पुस्तक येण्याची वाट पाहू नका. अभ्यासक्रम संपवण्याची घाई मी जाणते, म्हणून मोजकेच मागते. सहावी ते नववीच्या प्रत्येक वर्गाने वर्षाला एक शेजारी देश निवडावा आणि त्याला आठ तास द्यावेत. पहिले दोन तास आपल्या तालुक्यातून तिथे जाणाऱ्या किंवा तिथून येणाऱ्या वस्तूला. दोन तास नकाशाला आणि नद्यांना, ब्राझीलच्या पुस्तकातल्याच तुलनेच्या पद्धतीने. तीन तास इतिहासाला, त्यात एक प्रसंग असा असावा की ज्यात आपण त्यांच्या नजरेतून दिसतो. शेवटचा तास मुलांच्या प्रश्नांसाठी मोकळा ठेवावा. जिल्हा परिषदेच्या शाळेपासून इंग्रजी माध्यमापर्यंत कुठेही हे होऊ शकते. खर्च एका नकाशाचा आहे. पाठ्यपुस्तक मंडळानेही पुढच्या वेळी दहावीच्या पुस्तकात ब्राझीलच्या जागी नाही, तर ब्राझीलच्या जोडीला एका शेजारी देशाला स्थान द्यावे, असा ठराव या संमेलनाने करावा अशी माझी विनंती आहे.

शिक्षक मित्रहो, येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पहिल्याच आठवड्यात आपापल्या वर्गात भिंतीवर एक नकाशा लावा आणि विचारा, आपला संत्रा कुठे जातो? तिथून धडा सुरू करा. पुढच्या वर्षीच्या संमेलनात प्रत्येक शाळेने आपल्या आठ तासांचा अनुभव लिहून आणावा, एवढे आवाहन करते आणि आपली रजा घेते.

जय हिंद, जय महाराष्ट्र.