शनवार तेल्यांचा ग्रंथ आणि आपलं दुःख
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



समितीनं दोन शब्द बोलायला सांगितलं. आम्ही विषय सांगितला तेव्हा दोघे-तिघे हसलेच. बुद्ध विहारात ज्यूंच्या धर्मग्रंथावर भाषण! आपण ईश्वर मानत नाही, हे खरंच. पण दुसऱ्यांनी दुःख कसं सोसलं, हे ऐकायला काय हरकत आहे?

आणि हे लोक परके नव्हेत. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल मराठीच बोलत आले. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यांच्यात कथा सांगतात की पूर्वी नवगावजवळ जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, ग्रंथ समुद्रात गेले. तोंडपाठ राहिली ती शमा नावाची एक प्रार्थना. ती आणि शनिवारचा विसावा, अशा थोडक्या गोष्टींवर पिढ्यान्‌पिढ्या टिकले. एकोणिसाव्या शतकात तर त्यांनी आपल्या ग्रंथातल्या कथांची मराठीत कीर्तनं केली.

त्या ग्रंथात ईयोबाची गोष्ट आहे. भला माणूस. गुरंढोरं गेली, घर कोसळून दहा लेकरं एका दिवशी गेली, अंगभर फोड आले. राखेत बसून खापरानं अंग खाजवतो आहे. तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. एक शब्द बोलत नाहीत. इथपर्यंत मित्र शहाणे! मग तोंड उघडतात आणि म्हणतात, तुझ्या हातून काही पाप घडलं असणार, त्याशिवाय असं होतं का? ईयोब ऐकत नाही. थेट देवाशी भांडतो. शेवटी वावटळीतून देव बोलतो. दुःख का आलं याचं उत्तर देत नाही, पण मित्रांनाच चुकीचं ठरवतो. आपलं गाऱ्हाणं कुणीतरी ऐकलं, एवढ्यानं ईयोब सावरतो.

हे वाचलं आणि आमची आजी आठवली. तिलाही आयुष्यभर हेच ऐकवलं, मागल्या जन्मीचं पाप आहे, भोग. तिला ईयोब ठाऊक असता तर!

पण दुसऱ्यांना कशाला नावं ठेवायची? गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं एक तरुण पोर गेलं. आम्ही भेटायला गेलो आणि अर्ध्या तासात बोलून बसलो, दवाखान्यात लवकर न्यायला हवं होतं. त्या माउलीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, बोलली काहीच नाही. शेजारची एक म्हातारी मात्र महिनाभर रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून तांदूळ निवडायची. बस, एवढंच. तथागतांनीसुद्धा किसागोतमीला प्रवचन दिलं नाही, मोहरी मागायला घरोघर पाठवलं.

त्याच ग्रंथातल्या मोझेसवर बाबासाहेबांनी १९४१ साली लेख लिहिला. ज्यांना त्यानं मिसरच्या गुलामीतून काढलं, तेच वाळवंटात त्याच्यावर उलटले. म्हणाले, मिसरात मासळी मिळायची, काकड्या, कांदे, लसूण मिळायचा! आपल्या कांद्याच्या जिल्ह्यात हे ऐकून हसू येतं. पण बघा, काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, आणि दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधल्या एकवीस वर्षांत महारकी सोडलेल्या किती घरांना गावकीची भाकरी आठवली असेल? आम्ही त्यांना दोष देत नाही, भूक ती भूकच. त्या काळात एकमेकांच्या ओट्यावर बसणारी माणसं होती, म्हणून निभावलं.

समितीला एक विनंती आहे. जलदान विधी झाला की आपण त्या घराकडे फिरकत नाही. रविवारच्या वंदनेनंतर दोघा-दोघांनी अशा घरी जाऊन बसावं. भाषण नको, चहाची अपेक्षा नको. त्या माउलीकडे येत्या रविवारी आम्ही जाणार आहोत. ज्यांना सोबत यायचं असेल त्यांनी वंदनेनंतर पायरीजवळ थांबावं.

नमो बुद्धाय, जयभीम.