शाईने लिहा

मुख्याध्यापक सर, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या बाई, पालकहो आणि मुलांनो,

सरांनी फोनवर सांगितलं, भाषांतराच्या क्षेत्रात कसं यावं यावर बोला. माझं उत्तर एवढंच: भरपूर वाचा आणि ओळखीचा वाटणारा शब्दही कोशात पाहा. असा एक शब्द मला याच शाळेत भेटला. सी-एच-ए-आर-वाय, चेअरी.

आज तुमची रंगभूषा चालली आहे ना, त्या कोपऱ्यातल्या खोलीत आमची आठवी भरायची. मी प्रत्येक उत्तर आधी पेन्सिलीने लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. पानं विरून गेली होती. बाईंनी एक पान उजेडाकडे धरलं आणि फळ्यावर हा शब्द लिहिला. शेजारी लिहिला ‘वेअरी’. म्हणाल्या, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडतो तो वेअरी. रस्ता मोकळा असूनही ज्याचं पाऊल उचलत नाही तो चेअरी. हात आखडता घेण्यालाही इंग्रजीत हाच शब्द. स्तुती करायला चेअरी, उसने द्यायला चेअरी. त्याच्यापुढे बहुधा ‘ऑफ’ येतं.

पुढे कळलं, की हा ‘केअर’चा सख्खा नातलग. जुन्या इंग्रजीत दोघांचाही अर्थ दुःखाशी, चिंतेशी जोडलेला. जपून वागण्याचा अर्थ चेअरीला सोळाव्या शतकात आला. मला आपली ‘काळजी’ आठवली. काळजी घे आणि काळजी करू नकोस, आई दोन्ही एका दमात सांगते.

मुलांनो, काळजी घ्या, पण थेट शाईने लिहा. चुकलं तर एक रेघ मारा आणि पुढे चला. खोडलेलं हरवतं, रेघेखालचं राहतं; माझ्या खर्ड्यात कितीदा नेमका शब्द त्या रेघेखालीच सापडतो. निळ्या फेट्यातल्या मुली, मघाशी तुझं पाऊल चुकलं, पण तू नाच थांबवला नाहीस. अगदी तसंच. पालकहो, वही बघताना खोडरबर हातात घेऊ नका. शाईने लिहू द्या त्यांना.

आणि बाई, शाबासकीच्या बाबतीत तुम्ही चेअरी होतात. तीन वर्षं माझ्या निबंधांखाली फक्त ‘ठीक’. दहावीच्या शेवटच्या निबंधाखाली मात्र लाल शाईत ‘छान’ आहे. ती वही आज सोबत आणली आहे. खाली उतरले की तुमच्याकडेच येते.